गावठी मांजराची जात: पुरावा कशाला म्हणावे?

सोसायटीच्या पार्किंगमधले पिल्लू घरात येते, त्याला जंतांचे औषध दिले जाते, लस टोचली जाते, आणि मग त्याच्या कुळाची चर्चा सुरू होते. रंग राखाडी असेल तर कोणी ‘रशियन ब्लू’ म्हणतो. मानेभोवती दाट केस दिसले की ‘मेन कून’, अंगावर ठिपके असले की ‘बेंगॉल’, काळेभोर असले की ‘बॉम्बे’. फोटो दाखवला तर मोबाइलमधले ॲपही असेच एखादे नाव सांगून मोकळे होते.

या सगळ्या निष्कर्षांची घडण एकच आहे. अमुक जातीत अमुक लक्षण असते. आमच्या मांजरात ते आहे. म्हणून आमचे मांजर त्या जातीचे. न्यायशास्त्र वाचलेल्या माणसाला यातला दोष लगेच दिसेल. धुरावरून अग्नीचे अनुमान करता येते, कारण अग्नीशिवाय धूर नसतोच. अग्नीवरून धुराचे अनुमान मात्र करता येत नाही. तापून लाल झालेल्या लोखंडी गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. व्याप्ती कोणत्या दिशेने आहे हे आधी तपासावे लागते. रशियन ब्लू मांजर राखाडी असतेच. पण राखाडी मांजर रशियन ब्लू असतेच का? हाच प्रश्न एकेका लक्षणाला विचारला, तर उत्तर बहुतेक वेळा नकाराचे येते. बहुतेक वेळा, नेहमी नव्हे. काही मोजकी लक्षणे खरोखर काही सांगतात, आणि ती इतरांपासून वेगळी का हे समजून घेण्यासारखे आहे.

जाती आल्या कुठून

पाळीव मांजराचा पूर्वज म्हणजे पश्चिम आशिया आणि आफ्रिकेतले रानटी मांजर, फेलिस लिबिका. माणसाशेजारी पुरलेले सर्वांत जुने मांजर सायप्रस बेटावर सापडले आहे. ते सुमारे ९,५०० वर्षांपूर्वीचे. तेव्हापासून अगदी अलीकडेपर्यंत मांजराच्या जोडीदाराच्या निवडीत माणसाने फारसे लक्ष घातले नाही. कुत्र्याचे तसे नाही. मेंढ्या वळायला वेगळा, शिकारीला वेगळा, राखणीला वेगळा, असे कुत्रे माणसाने कामानुसार घडवले. मांजराकडून उंदीर मारण्यापलीकडे काही अपेक्षा नव्हती, आणि ते काम कोणतेही मांजर करत होते. ‘यात कशाकशाचे मिश्रण आहे?’ हा प्रश्न आपण कुत्र्यांच्या जगातून उचलून मांजरांवर लादला आहे, असे माझे मत आहे. रस्त्यावरचे मांजर हे जातिवंत मांजरांच्या मिश्रणातून झालेलेच नाही. ते आधीपासून तिथेच होते.

मांजरांचे पहिले मोठे प्रदर्शन १३ जुलै १८७१ रोजी लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये भरले. ते हॅरिसन वेअर यांनी भरवले होते. अमेरिकेतली कॅट फॅन्सियर्स असोसिएशन १९०६ ची. आज नावाने ओळखल्या जाणाऱ्या बहुतेक जाती या दीडशे वर्षांत घडल्या किंवा निदान याच काळात त्यांच्या व्याख्या ठरल्या. जातिवंत मांजर म्हणजे ज्याचे आईबाप, आजे-पणजे एखाद्या संस्थेच्या वहीत नोंदलेले आहेत असे मांजर. ही व्याख्या काटेकोरपणे लावली तर पार्किंगमधल्या पिल्लाचा निकाल एका ओळीत लागतो: जात नाही. पण विचारणाऱ्याला एवढेच विचारायचे नसते. याच्या रक्तात कुठे तरी जातिवंत पूर्वज आहे का, हा त्याचा खरा प्रश्न असतो, आणि तो रास्त आहे.

त्याचे उत्तर शोधताना एक उलटा प्रवाह लक्षात ठेवावा लागतो. जाती तयार झाल्या त्या रस्त्यावरच्या मांजरांतून निवडून. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला जीन मिल या अमेरिकन बाई दिल्लीच्या प्राणिसंग्रहालयात आल्या. तिथे गेंड्याच्या आवारात सोनेरी झाक असलेले एक ठिपकेदार भटके मांजर वावरत होते. ते त्यांनी अमेरिकेला नेले, ‘मिलवुड टोरी ऑफ दिल्ली’ या नावाने त्याची इजिप्शियन माऊ म्हणून नोंद झाली, आणि त्याचे रक्त बेंगॉल जातीच्या पायाभरणीतही गेले. आता दिल्लीत किंवा नागपुरात एखादे सोनेरी ठिपक्यांचे मांजर दिसले आणि कोणी त्याला ‘बेंगॉल मिक्स’ म्हटले, तर नातू आजोबांसारखा दिसतो म्हणून आजोबांनाच नातवाचे वंशज ठरवण्यासारखे ते आहे.

ॲबिसिनियनची गोष्ट अशीच. या जातीच्या प्रत्येक केसावर फिक्या-गडद रंगाचे आळीपाळीने पट्टे असतात, त्यामुळे अंग सशासारखे दिसते. आपल्याकडच्या गल्लीबोळांतही तसे मांजर दिसते. ब्रिटिशांच्या १८६८ च्या ॲबिसिनिया (आजचा इथिओपिया) मोहिमेनंतर ‘झुला’ नावाची मांजरी इंग्लंडला आली आणि तिच्यावरून जातीला नाव पडले, असे सांगतात. पण हॉलंडमधल्या लायडेनच्या संग्रहालयात याच धर्तीचे पेंढा भरलेले मांजर १८३० च्या दशकापासून आहे आणि त्याच्या नोंदीत मूळ देश हिंदुस्थान असा आहे. जनुकीय अभ्यासांचा कौलही इथिओपियापेक्षा हिंदी महासागराच्या किनाऱ्यांकडे जातो. ती मोहीम मुंबई इलाख्याच्या सैन्याने केली होती आणि जहाजे मुंबईहून सुटली होती. यावरून काही सिद्ध होत नाही, पण मनात नोंद ठेवावी असे आहे.

आणि ‘बॉम्बे’? ही जात अमेरिकेतल्या केंटकी राज्यात लुइव्हिल इथे निकी हॉर्नर यांनी १९५० च्या दशकात सुरू केलेल्या खटपटीतून आली. बर्मीज आणि काळे अमेरिकन शॉर्टहेअर यांच्या संकरातून त्यांना काळ्या बिबट्याची छोटी आवृत्ती हवी होती, आणि काळा बिबट्या हिंदुस्थानातला म्हणून नाव ठेवले बॉम्बे. १९७६ मध्ये त्या जातीला अजिंक्यपदाच्या स्पर्धेत मान्यता मिळाली. दादरच्या भाजी मंडईतल्या काळ्या बोक्याचा तिच्याशी संबंध नाही.

एका जनुकाची लक्षणे

आपण ज्यावरून जात ओळखायला जातो ती बहुतेक लक्षणे एकेका जनुकाच्या हातात आहेत. ती प्राचीन आहेत, जगभर पसरलेली आहेत आणि कोणत्याही मांजरापासून कोणत्याही मांजराकडे सुटी सुटी जातात.

राखाडी रंग घ्या. तो वेगळा रंग नाहीच. तो विरळ झालेला काळा आहे. एमएलपीएच नावाच्या जनुकात बिघाड झाला की रंगाचे कण केसात एकसारखे न पसरता गोळा होतात, आणि काळ्याचा राखाडी, तांबड्याचा फिकट बदामी होतो. हा गुण अप्रभावी आहे, म्हणजे आई आणि बाप दोघांकडून बिघडलेली प्रत आली तरच दिसतो. दोन काळ्या मांजरांच्या पोटी राखाडी पिल्लू येऊ शकते. त्यासाठी शेजारच्या इमारतीत रशियन ब्लू असण्याची गरज नाही.

तांबड्या रंगाचे जनुक एक्स गुणसूत्रावर आहे हे शंभरेक वर्षे माहीत होते. नेमका बदल कोणता ते जपान आणि अमेरिकेतल्या दोन गटांनी २०२५ मध्ये प्रसिद्ध केले. एआरएचजीएपी ३६ या जनुकाजवळचा सुमारे पाच हजार अक्षरांचा एक तुकडा गळलेला असतो. नर-मादीचा हिशेब यातूनच लागतो. बोक्याला एकच एक्स असतो म्हणून एकाच प्रतीवर तो पूर्ण तांबडा होतो. भाटीला दोन लागतात, आणि एकच असली तर ती काळी-तांबडी होते. त्यात पांढरे आले की तिरंगी. तिरंगी मांजर जवळजवळ नेहमी भाटीच असते. ‘कॅलिको’ ही जात असल्यासारखे लोक बोलतात, पण ते रंगाच्या मांडणीचे नाव आहे. कपाळावरच्या इंग्रजी ‘एम’ अक्षराचेही तेच. पट्टेरी मांजर म्हटले की ते अक्षर आलेच.

सयामीसारखे दिसणारे मांजर, म्हणजे अंग दुधाळ आणि कान, नाक, पाय, शेपूट गडद, थोडे जास्त लक्ष देण्याजोगे आहे. रंग बनवणारे टायरोसिनेज हे विकर इथे तापमानाला हळवे झालेले असते. शरीराच्या ऊबदार भागात ते काम करत नाही, थंड भागात करते. म्हणून पिल्ले जन्मतः पांढरी असतात. गर्भात सगळीकडे ऊबच असते. नसबंदीसाठी भाटीच्या पोटावरचे केस भादरले की उघडी त्वचा गार पडते आणि तिथे नवे केस गडद उगवतात. मग मालक घाबरून फोन करतात, असे पशुवैद्य सांगतात. हा गुण आग्नेय आशियातल्या मांजरांत मुळात वसलेला, त्यामुळे पूर्वज कुठून तरी पूर्वेकडून आला असावा असा अंदाज करायला हरकत नाही. पण हाही एकच जनुक आहे, अप्रभावी आहे, आणि आखूड केसांच्या साध्या मांजरांत पिढ्यान्‌पिढ्या लपून राहतो. पूर्वज आजोबा होता की पंधराव्या पिढीतला, हे रंग सांगत नाही.

लांब केसांचे कोडे

मुंबई-पुण्यात जात ओळखण्याचा खटाटोप मुख्यतः केसांवरूनच होतो, म्हणून इथे थोडे रेंगाळू.

केस किती वाढायचे आणि कधी थांबायचे हे एफजीएफ ५ हे जनुक ठरवते. ते बिघडले की थांबण्याचा इशारा मिळत नाही. या जनुकातले अनेक वेगवेगळे बदल माहीत आहेत; त्यातला एक जवळपास सगळ्या लांब केसांच्या मांजरांत, जातिवंत आणि भटक्या, आढळतो, आणि बाकीचे ठरावीक जातींपुरते आहेत. हाही गुण अप्रभावी. आता यातून काय निघते ते पाहा. जातिवंत पर्शियन बोका आणि गल्लीतली भाटी यांची पिल्ले झाली, आणि भाटीकडे लांब केसांची एकही प्रत नसली, तर सगळीच्या सगळी पिल्ले आखूड केसांची होतील. अस्सल ‘हाफ पर्शियन’ बहुधा पर्शियन दिसत नाही! लांब केसांचे पिल्लू निघाले तर आईकडेही ती प्रत आहे, एवढे नक्की कळते. बाप पर्शियन होता की त्याच गल्लीतला आखूड केसांचा, प्रत बाळगणारा बोका होता, हे मात्र केसांवरून कळत नाही.

अशा प्रत बाळगणाऱ्यांची संख्या वाटते त्यापेक्षा खूप मोठी असते. समजा, एखाद्या वस्तीत शंभर मांजरांत एकच लांब केसांचे आहे आणि वीण स्वैर होते. शंभरात एक म्हणजे दोन प्रती एकत्र येण्याची शक्यता एक शतांश. तेव्हा एका प्रतीचे प्रमाण एक दशांश. एकच प्रत असलेली मांजरे मग दोन गुणिले एक दशांश गुणिले नऊ दशांश, म्हणजे शंभरात अठरा. दिसणारे एक आणि लपलेली अठरा. त्या अठरांतली कोणतीही जोडी जमली तरी दर चार पिल्लांत सरासरी एक लांब केसांचे.

त्यात मांजरांची आणखी एक रीत. भाटी माजावर असताना अनेक बोक्यांशी जुगते आणि एकाच वेतातल्या पिल्लांचे बाप वेगवेगळे असू शकतात. ‘भावंडे साधी आहेत, हेच एक वेगळे, म्हणजे हे जातिवंत’ हा युक्तिवाद त्यामुळे दोन्हीकडून पडतो. भावंडे सख्खी असली तरी अप्रभावी गुण एखाद्यातच उमटतो, आणि सावत्र असली तर तुलनेचा आधारच जातो.

भरवशाचे पुरावे

मग भरवसा कशावर ठेवायचा? ज्या लक्षणाला अनेक जनुके एकत्र यावी लागतात, ते लक्षण पुरावा म्हणून जड. पर्शियनचा चपटा चेहरा हे उत्तम उदाहरण. तो एका बदलाने होत नाही. पिढ्यान्‌पिढ्यांच्या निवडीने जमवलेला तो संच आहे, आणि साध्या मांजराशी एक-दोन संकर झाले की विस्कटतो. म्हणून रस्त्यावर सापडलेल्या मांजराचे नाक डोळ्यांच्या रेषेत आत गेलेले असेल, डोळे सतत पाणावलेले असतील, केस लांब आणि आतून लोकरीसारखे असतील, तर ते कोणाच्या तरी घरातून सुटलेले किंवा सोडून दिलेले पर्शियन किंवा त्याचे अगदी जवळचे वंशज आहे. आपल्या पाळीव प्राण्यांच्या बाजारात ‘पंच फेस’, ‘सेमी पंच’, ‘डॉल फेस’ अशी प्रतवारी चालते. यातला ‘डॉल फेस’ हा शब्द विक्रेत्याच्या मोठ्या सोयीचा आहे. साध्या चेहऱ्याचे कोणतेही केसाळ मांजर त्यात बसते.

अंगकाठीही अशीच अनेक जनुकांची. मेन कूनचा बोका सहा ते आठ किलोंचा, कधी त्याहून जड, लांब चौकोनी जबड्याचा, आणि पूर्ण वाढायला तीन-चार वर्षे घेणारा असतो. साडेतीन किलोंवर थांबलेल्या मांजराच्या कानांवर केसांचे झुपके असले म्हणून ते मेन कून होत नाही.

या नियमाला एक अपवाद आहे. दुमडलेले कान हे एकाच जनुकाचे, टीआरपीव्ही ४ चे, लक्षण. पण त्याचा उगम ठाऊक आहे: १९६१ मध्ये स्कॉटलंडमधल्या पर्थशायरच्या एका शेतावरची सुझी नावाची पांढरी मांजरी. उगम अलीकडचा आणि एकाच जागचा असेल तर एक जनुकही पुरावा म्हणून पुरेसे होते; इथे धूर आणि अग्नीचे नाते शाबूत आहे. फक्त कान वयाच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून दुमडलेले हवेत. मारामारीत किंवा खाजवून कानात रक्त साकळले की नंतर कान चुरगळतो, तो वेगळा. शेपटीचेही असेच. आखूड किंवा गाठ पडलेली शेपूट आग्नेय आशियातल्या साध्या मांजरांत जुनीच आहे, आणि आपल्याकडे अनेकदा तिचे कारण दरवाजा किंवा दुचाकी असते.

लक्षणाइतकेच वजन स्थळाला द्यावे लागते. कोणत्या जातीची मांजरे त्या गावात मुळात होती, नसबंदीशिवाय मोकळी फिरत होती? भारतीय शहरांत या प्रश्नाचे उत्तर बहुतांशी एकच आहे, पर्शियन. नॉर्वेजियन फॉरेस्ट कॅटचे रक्त सांगलीच्या बोळात येण्यासाठी आधी ते मांजर सांगलीत यावे लागेल.

स्वभावावरून जात ओळखण्याबद्दल फार बोलायला नको. जातींच्या स्वभावात सरासरीने फरक असतात, हे फिनलंडमधल्या संशोधनाने दाखवले आहे. पण एका मांजराचे माणसाळलेपण दुसऱ्या ते सातव्या आठवड्यांत त्याला माणसाचा हात किती लागला यावर मोठ्या प्रमाणात ठरते. बडबडी भाटी म्हणजे सयामी नव्हे.

लाळेची चाचणी

जनुकीय चाचणीसाठी गालाच्या आतून फाया फिरवून पाठवला की काही आठवड्यांनी जातींची टक्केवारी येते. ती टक्केवारी म्हणजे काय? प्रयोगशाळेकडे काही जातींचे आणि काही प्रदेशांतल्या साध्या मांजरांचे नमुने असतात; तुमचे मांजर त्यांतल्या कोणाला किती जवळ, एवढेच चाचणी सांगते. संग्रहात फक्त जातीच असतील तर तिला कोणती तरी जात सांगावीच लागते. भारतातल्या गावठी मांजराला अशा चाचणीत चित्रविचित्र नावे मिळतात ती यामुळे. डेव्हिस इथल्या कॅलिफोर्निया विद्यापीठाची चाचणी या बाबतीत अधिक प्रामाणिक आहे: ती आधी प्रदेश सांगते, आणि तिच्या प्रदेशांत भारत वेगळा धरलेला आहे. तेव्हा तिथेच असलेल्या लेस्ली लायन्स यांच्या गटाने २००८ मध्ये जगभरच्या मांजरांची तुलना प्रसिद्ध केली. त्यात पर्शियन मांजरे इराणच्या नव्हे तर पश्चिम युरोपातल्या मांजरांच्या जवळची निघाली. जातीच्या नावावर वंशाचा भरवसा किती ठेवावा, ते यावरून दिसते.

जात कळून उपयोग काय, तर एकच ठोस उपयोग मला दिसतो, तो वैद्यकाचा. पर्शियन मांजरांत मूत्रपिंडात पाण्याच्या गाठी होण्याचा आनुवंशिक विकार मोठ्या प्रमाणात आहे. अनेक देशांतल्या तपासण्यांत एक तृतीयांशाहून अधिक पर्शियन बाधित आढळले. त्याला कारण असलेला पीकेडी १ जनुकातला बदल २००४ मध्ये सापडला, आणि हा गुण प्रभावी आहे. एकच प्रत पुरते. म्हणजे आखूड केसांचे, अजिबात पर्शियन न दिसणारे ते ‘हाफ पर्शियन’ बापाकडून हा विकार घेऊ शकते, आणि दोन गावठी मांजरांच्या पोटी आलेले केसाळ, देखणे पिल्लू त्यातून पूर्ण मोकळे असू शकते. रूपावरून केलेला अंदाज इथे नेमका उलट्या पिल्लाची काळजी करायला लावतो. बाप पर्शियन होता अशी खात्रीची माहिती असेल तर वर्षभराच्या आत-बाहेर सोनोग्राफी करून घ्यावी, किंवा थेट त्या एका बदलाची चाचणी. कान दुमडलेले असतील तर सांध्यांचा एक्स-रे काढावा, कारण तेच जनुक कूर्चाही बिघडवते. बाकी सर्वांच्या कार्डावर पशुवैद्य ‘डोमेस्टिक शॉर्टहेअर’ किंवा ‘डोमेस्टिक लाँगहेअर’ लिहितात. ते अचूक आहे, आणि त्यात कमीपणा काही नाही.

पिल्लू शेतात सापडले असेल तर

शहरातल्या पिल्लाची जात चुकली तर फार काही बिघडत नाही. उसाच्या फडात सापडलेल्या पिल्लाची ओळख चुकली तर बिघडते. जुन्नर, नाशिक भागात ऊसतोडीच्या हंगामात फडात पिल्ले सापडतात. त्यांत बिबट्याच्या पिल्लांबरोबर रानमांजर आणि वाघाटी यांचीही असतात. वाघाटी हे जगातल्या सर्वांत लहान रानटी मांजरांपैकी एक. पूर्ण वाढलेलेही दीड किलोच्या आतबाहेर. पाठीवर गंजाच्या रंगाच्या ठिपक्यांच्या ओळी, कपाळावर पांढऱ्या कडांच्या गडद रेघा, कान लहान आणि गोलसर. ‘बेंगॉलसारखे’ म्हणून घरी नेण्याचा मोह अशाच पिल्लाचा होतो. रानमांजराचे पिल्लू ओळखणे आणखी कठीण, कारण लहानपणी त्याच्या अंगावर पट्टे असतात आणि ते साध्या पट्टेरी मांजरासारखे दिसते. वाढल्यावर पट्टे विरतात, पाय लांब राहतात, शेपूट आखूड आणि टोकाशी काळ्या वेढ्यांची.

इथे रूपापेक्षा स्थळाचा पुरावा वरचढ मानावा: वस्तीपासून दूर, फडात किंवा गवतात, आई जवळपास नसताना सापडलेले पिल्लू रानटी असू शकते असेच धरून चालावे. आई बहुधा माणसांची वर्दळ थांबण्याची वाट पाहत असते. ही सगळी रानटी मांजरे १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) कायद्याने संरक्षित आहेत, त्यांना घरी ठेवणे गुन्हा आहे, आणि चार दिवस घरात दुधावर राहिलेल्या पिल्लाला पुन्हा आईपाशी पोचवणे वनखात्यालाही अवघड जाते. हात लावण्याआधी लांबून फोटो काढावा, जागा नीट लक्षात ठेवावी आणि वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे.